हिरवळ कापण्याचें यंत्र : तें चालवावें कसें व राखावें कसें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटलें असेल. मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या माणसाची हिरवळ म्हणजे गॅलरींतल्या दोन कुंड्या, आणि ती कापावयाची म्हणजे स्वयंपाकघरांतल्या कात्रीनें. मग एंजिनावर चालणाऱ्या, वर बसून हांकावयाच्या गवतकापणीच्या यंत्राची चर्चा या मंडळींपुढें कशासाठीं? त्याचें कारण असें कीं, ज्यांचा एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत संसार थाटून आहे, अशीं घरें आज आपल्या ओळखींत पुष्कळ आहेत. उन्हाळ्यांत आईवडील कांहीं महिने तिकडे जातात. आई आल्या दिवशींच स्वयंपाकघराचा ताबा घेते. वडिलांच्या हातीं मात्र कांहीं उद्योग नसतो. अशा रिकाम्या वडिलांच्या दृष्टीस एके दिवशीं गॅरेजमध्यें उभें असलेलें तें तांबडें यंत्र पडतें. मी अशा वडिलांपैकींच एक आहें. माझी सारी नोकरी कारखान्यांत, यंत्रांच्या संगतींत झाली असल्यामुळें इतरांहून जरा अधिक धीटही आहें. त्या धिटाईचें काय झालें तें पुढें येईलच.

माझी मुलगी ओहायओ राज्यांत, कोलंबस शहराच्या बाहेर राहते. घरासभोंवतीं दीड एकर जमीन, आणि ती सारी हिरवळीखालीं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत हें गवत आठवड्याला एकदां, आणि पाऊस चांगला झाला तर दोनदांही, कापावें लागतें. न कापून भागत नाहीं. गवत अमुक इंचांहून उंच वाढूं देऊं नये असा तिकडील अनेक गांवांचा नियमच आहे. वाढलें तर नोटीस येते, आणि नोटिशीपूर्वीं शेजाऱ्यांची नजर येते. आपल्याकडे दारापुढील सडा-रांगोळीवरून जसें घर ओळखतात, तसें तिकडे दारापुढील गवतावरून ओळखतात म्हणाना.

गवत कापणारें यंत्र ही मूळची इंग्लंडची कल्पना. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें लोकरीच्या कापडावरील लव कातरण्याचें गिरणींतलें यंत्र पाहून तसेंच एक यंत्र गवतासाठीं केलें, व १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. तें हातानें ढकलावयाचें होतें. आज मी ज्याविषयीं बोलत आहें तें यंत्र अगदीं अलीकडचें. १९६० नंतरच्या दशकांत कॅन्सस राज्यांतील हेस्टन या लहानशा गांवीं जॉन रीगियर या गृहस्थानें तें प्रथम सिद्ध केलें असें सांगतात. त्यास ‘झीरो-टर्न’ असें म्हणतात. वळण्यासाठीं याला पुढें-मागें जागा लागत नाहीं, तें जागच्या जागीं वळतें, म्हणून हें नांव. झाडाच्या बुंध्याभोंवतीं, फुलांच्या वाफ्यालगत तें असें सफाईनें फिरतें कीं पाहणाराला वाटावें, हें तर पोराटोरांचेंही काम आहे. सारी फसगत या वाटण्यांत आहे. म्हणून हें यंत्र वळतें कसें, तें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे.

या यंत्राला सामान्यतः मोटारीसारखें स्टिअरिंगचें चाक नसतें. बसणाऱ्याच्या मांड्यांवर दोन बाजूंनीं येणारे दोन दांडे असतात. उजवा दांडा मागच्या उजव्या चाकाचा, डावा डाव्याचा. एंजिन दोन पंप फिरवतें, आणि प्रत्येक पंप दाबाखालील तेल आपापल्या चाकाकडे पाठवून तें चाक फिरवतो. दोन्ही दांडे पुढें लोटले कीं यंत्र पुढें जातें. दोन्ही मागें ओढले कीं मागें येतें. उजवा अधिक लोटला कीं तें डावीकडे वळतें. एक पुढें व एक मागें केला कीं भिंगरीसारखें स्वतःभोंवतीं फिरतें. दांडे मध्यावर आणले कीं थांबतें. उभें करून ठेवण्याचा ब्रेक निराळा असतो, परंतु चालतांना थांबविण्याचें काम या दांड्यांचेंच. पुढचीं दोन चाकें मात्र कोणाच्याच ताब्यांत नसतात. चहाच्या ढकलगाडीचीं चाकें जशीं आपल्या मर्जीनें कोठेंही वळतात, तशींच हीं.

आतां विचार करा. चालविणें, वळविणें आणि थांबविणें हीं तिन्ही कामें मागच्या दोन चाकांकडे आहेत. त्या दोन चाकांनीं जमीन सोडली, म्हणजे तीं घसरूं लागलीं, तर तिन्ही गोष्टी एकदमच हातच्या जातात. मोटार घसरली तरी सुकाणू फिरवून कांहीं उपाय करतां येतो. येथें सुकाणूच नाहीं. शिवाय उतारावर यंत्राचें तोंड खालीं असलें कीं भार पुढच्या मोकळ्या चाकांवर जातो, आणि ज्या चाकांवर सारी मदार तीं मागचीं चाकें हलकीं होतात. सपाट जमिनीवर जें यंत्र बोटाच्या इशाऱ्यावर नाचतें, तें उतारावर ऐकेनासें होतें तें असें.

हें ज्ञान मला पुस्तकांतून झालें असतें तर बरें होतें. यंत्राबरोबर माहितीपत्रक आलेलें होतें; कारखान्यांत जन्म काढलेल्या माणसाला माहितीपत्रक कशाला लागतें, अशा घमेंडींत मीं तें उघडलें नाहीं. मुलीच्या घरामागें जमीन उतरत जाते, आणि उताराच्या पायथ्याशीं एक तळें आहे. जांवयानें मला पहिल्याच दिवशीं बजावलें होतें, “बाबा, वरची सपाटी तुमची. तळ्याकडचा उतार मी हातयंत्रानें करीन.” चार आठवडे मीं हें पाळलें. पांचव्या आठवड्यांत एके सकाळीं, जांवई कामावर गेल्यावर, त्याला येतांक्षणीं चकित करावें म्हणून मी उतारावर गेलों. रात्रीं पाऊस पडून गेला होता. गवत ओलें होतें. निम्मा उतार गेल्यावर वेग वाढतो आहे असें वाटून मीं दांडे मध्यावर आणले. चाकें थांबलीं; यंत्र थांबलें नाहीं. घाबरून दांडे मागें ओढले, तों चाकें उलटीं फिरून ओलें गवत उखडूं लागलीं आणि यंत्र तिरकें होऊन खालीं चाललें. खालीं पात्यें फिरत आहेत, समोर तळ्यांतलीं पाणकणसें जवळ येत आहेत, आणि माझ्या हातांतल्या दोन दांड्यांचा कशाशींही संबंध उरलेला नाहीं. पायथ्याशीं जमीन हातभर सपाट आहे. तेथें तें यंत्र आपल्या आपण थांबलें. पाणी तेथून सहा-सात फुटांवर होतें.

माझी आणखी एक चूक मला मागाहून कळली. या यंत्रांवर बसणाऱ्याच्या पाठीमागें एक भक्कम लोखंडी कमान असते. यंत्र उलटलें तर माणूस त्याखालीं चिरडूं नये ही तिची योजना. ती कमान उभी असेल तेव्हां कमरेचा पट्टा बांधलाच पाहिजे, म्हणजे माणूस कमानीच्या आश्रयांत राहतो. कमान पाडलेली असेल, किंवा यंत्राला ती मुळांतच नसेल, तर पट्टा बांधूं नये, म्हणजे उडी तरी टाकतां येते. मीं गॅरेजच्या दारांतून निघतांना अडते म्हणून कमान खालीं पाडली होती आणि पट्टा मात्र घट्ट बांधला होता. यंत्र तळ्यांत उलटतें तर मी त्याच्याशीं बांधलेला असाच खालीं गेलों असतों. आपल्या मंडळींपैकीं जे तिकडे जाणार असतील त्यांनीं ही एक गोष्ट तरी विसरूं नये : कमान वर तर पट्टा, कमान खालीं तर पट्टा नाहीं.

किती उतार चालतो, असें कोणी विचारील. बहुतेक कारखानदार १५ अंशांपलीकडे जाऊं नका असें सांगतात; कांहीं १० अंशांवरच थांबवितात. आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकांत जो आंकडा असेल तोच खरा. डोळ्यांनीं अंश कळत नाहींत. पण त्याची एक सोपी रीति आहे. चार फुटांची सरळ फळी घ्यावी. तिचें एक टोंक उताराच्या वरच्या अंगास टेकवावें, फळीवर गवंड्याची पाणसळ ठेवून ती आडवी सपाट धरावी, आणि दुसरें टोंक जमिनीपासून किती उंच राहिलें तें मोजावें. तें बारा इंच भरलें तर उतार १४ अंशांच्या आसपास आहे असें समजावें, आणि त्याहून अधिक भरलें तर तेथें हें यंत्र नेऊंच नये. मीं मागाहून मोजलें. तळ्याकडे सोळा इंच भरले. गवत ओलें असतांना तर सौम्य उतारावरही जाऊं नये. पाण्याचा कांठ, बांध, संरक्षक भिंत, ओढ्याची दरड यांपासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडावें व तेवढी पट्टी हातयंत्रानें कापावी. उतारावर आडवें जावें कीं उभें, याविषयीं निरनिराळ्या यंत्रांच्या सूचना निरनिराळ्या असतात, म्हणून पुन्हां त्या माहितीपत्रकाकडेच बोट दाखवितों. उतारावर एकाएकीं वळूं नये, थांबूं नये, वेग बदलूं नये, हें मात्र सर्वांना सारखेंच लागू आहे.

ही घटना पाहणारा एक साक्षीदार होता. तळ्यापलीकडे राहणारे वृद्ध शेजारी, शेतीचीं यंत्रें दुरुस्त करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें असे, ते तळ्याला वळसा घालून माझ्याकडे आले. त्यांनीं किल्ली काढून माझ्या हातांत दिली. आतां उताराविषयीं कांहीं ऐकावें लागणार म्हणून मी मान खालीं घालून उभा राहिलों. परंतु ते म्हणाले, “काल संध्याकाळीं मुलाला मांडीवर घेऊन तुम्ही हें चालवीत होतां, तें मीं पाहिलें.”

माझा नातू चार वर्षांचा आहे. आदल्या संध्याकाळीं मीं त्याला मांडीवर बसवून वरच्या सपाटीवर दोन फेऱ्या मारून आणल्या होत्या. पातीं बंद होतीं, वेग बैलगाडीचा होता, आणि आमची सौभाग्यवती व्हरांड्यांतून फोटो काढीत होती. आपल्याकडे सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून आपण आजोबांबरोबर गांव पाहिलें. त्यांतलाच हा प्रकार असें मला वाटलें होतें. मीं पात्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “पातीं बंद होतीं हें तुम्हांला ठाऊक. मुलाला काय ठाऊक? त्याला एवढेंच कळलें कीं हा आवाज झाला कीं आजोबा मला वर घेतात. पुढच्या खेपेला तो आवाज ऐकून धांवत येईल, आणि तो तुमच्या पाठीमागून येईल.”

हें बोलणें माझ्या मनांतून अद्याप जात नाहीं. या यंत्रावर बसलेल्या माणसाच्या कानांवर एंजिनाचा आवाज आदळत असतो, बहुधा कानांवर टोप्याही असतात. पाठीमागून येणाऱ्या मुलाचा सुगावा त्याला लागत नाहीं. आणि हें यंत्र मागें यावयाला मोटारीसारखी गिअर बदलण्याची वाट पाहत नाहीं. दांडे चार बोटें मागें आले कीं तें मागें आलेंच. खालीं दोन किंवा तीन लोखंडी पातीं फिरत असतात. तिकडील मानकाप्रमाणें पात्याच्या टोंकाचा वेग मिनिटास १९,००० फुटांपर्यंत असूं शकतो. म्हणजे ताशीं सुमारें ३४५ किलोमीटर. तिकडील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा आहे कीं, सोळा वर्षांखालील मुलांनीं बसून चालविण्याचें यंत्र चालवूं नये, कोणाही मुलाला त्यावर बरोबर घेऊं नये, आणि सहा वर्षांखालील मुलांना गवत कापणें चालूं असेतोंवर घरांतच ठेवावें. अलीकडे विजेच्या बॅटरीवर चालणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. त्यांचा आवाज पुष्कळ कमी, पातें तेंच. तेथें तर अधिकच जपलें पाहिजे.

नातवाला ‘आतां यंत्रावर बसावयाचें नाहीं’ असें सांगितलें तेव्हां त्यानें दोन दिवस माझ्याशीं बोलणें टाकलें. त्याच्या आजीलाही प्रथम तें पटलें नाहीं. फोटो फार सुरेख आला होता. शेवटीं आम्हीं एक रीति ठरविली. मी यंत्रावर बसतों, परंतु किल्ली फिरवीत नाहीं. आजी नातवाला वरच्या मजल्यावरील खिडकींत घेऊन येते व हात वर करते. तो हात दिसल्यावांचून एंजिन सुरू होत नाहीं. मध्येंच तीं दोघें खिडकींतून दिसेनाशीं झालीं तर मी आधीं पातीं बंद करतों, मग यंत्र थांबवितों. मागें यावयाचें झालें तर मान पूर्ण वळवून, खालीं व दोन्ही बाजूंस पाहून, पातीं बंद करून येतों. वेळ लागतो, हें कबूल. वेळच तर आमच्याजवळ असतो.

कामाला लागण्यापूर्वीं एकदां पायीं फिरून सारी जागा पाहावी. खेळणीं, कुत्र्यानें टाकलेलें हाड, पाण्याची रबरी नळी, तारेचा तुकडा, पावसानें वर आलेला दगड, असें कांहीं ना कांहीं सांपडतेंच, आणि तें पात्याखालीं आलें तर बंदुकीच्या गोळीसारखें बाहेर पडतें. ज्या तोंडावाटे गवत बाहेर फेंकलें जातें त्यावर एक झडप असते. ती काढून टाकूं नये, बांधूनही ठेवूं नये. तें तोंड घर, रस्ता व माणसें यांच्याकडे नसावें. खुर्चीखालीं एक बटन दडविलेलें असतें. माणूस उठला कीं तें एंजिन बंद पाडतें. वारंवार चढणें-उतरणें नको म्हणून कांहीं मंडळी तें तारेनें जोडून निकामी करतात. कारखान्यांत असा उद्योग करणाऱ्याला मीं त्या दिवशीं यंत्रावरून उठवून घरीं पाठविला असता. आणि एंजिन बंद झालें तरी पातीं कांहीं सेकंद फिरतच राहतात, हें खालीं हात घालण्यापूर्वीं आठवावें.

आतां निगेविषयीं. या बाबतींत माझी कारखान्यांतील संवय उपयोगीं पडली, हें सांगावयास हरकत नाहीं. पहिला नियम : किल्ली काढल्यावांचून व स्पार्क प्लगची टोपी उपटून बाजूला ठेवल्यावांचून पात्याला हात लावावयाचा नाहीं. पातें हातानें फिरविलें तरी एंजिन एकादा झटका देऊं शकतें. जॅकवर उचललेल्या यंत्राखालीं जाऊं नये. खालीं भक्कम ठोकळे किंवा घोडे लावावे. पात्याच्या आवरणाच्या आंतल्या अंगास ओल्या गवताचा थर साचतो. तो खरवडून काढला नाहीं तर कापणी वाईट होते आणि पत्रा गंजतो. एंजिनाच्या आसपास साचलेलें वाळकें गवत तर पेट घेतें. काम झाल्यावर तें ब्रशानें झाडावें व यंत्र थंड झाल्यावरच गॅरेजांत न्यावें.

पातें बोथट असलें तर गवत कापलें न जातां ओरबाडलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं सारी हिरवळ शेंड्यांशीं तपकिरी दिसते. तें पाहून लोक पाण्याला दोष देतात. पातें काढतांना जाड हातमोजे घालावे. दोन्ही बाजूंस सारखी धार लावावी, आणि नंतर भिंतींतील खिळ्यावर तें मधल्या भोंकानें आडवें अडकवून पाहावें. एक बाजू खालीं गेली तर ती जड आहे. तेवढी आणखी घासावी. असें तोललेलें पातें न बसवितां वेडेंवांकडें बसविलें तर सारें यंत्र थरथरतें व बेअरिंगें लवकर जातात. तडा गेलेलें किंवा वांकलेलें पातें ठोकून सरळ करण्याच्या भानगडींत पडूं नये, नवें आणावें. बोल्ट माहितीपत्रकांत दिलेल्या जोरानेंच आंवळावा. दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी ठेवावी. एका बाजूस कमी असली तर एक अंग खोल व एक अंग उंच कापलें जातें, आणि दोन्ही दांडे सारखे धरूनही यंत्र एका बाजूस ओढतें.

पेट्रोलला तिकडे ‘गॅस’ म्हणतात. ‘गॅस भरून आणा’ असें मुलीनें सांगितल्यावर मी सिलिंडर शोधीत होतों! तो नेहमीं उघड्या जागीं, एंजिन निवाल्यावर भरावा. डबा मोटारींत ठेवून भरूं नये, जमिनीवर ठेवावा. दहा टक्क्यांहून अधिक अल्कोहोल मिसळलेलें पेट्रोल या यंत्रांना चालत नाहीं. चाकांकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्यांतून गळती दिसली तर ती बोटानें कधीं चांचपूं नये. तें तेल मोठ्या दाबाखालीं असतें. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून निघालेली धार कातडी भेदून आंत जाते, जखम क्षुल्लक दिसते आणि प्रसंगीं हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधावी, आणि धार लागलीच तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

ऑक्टोबरच्या शेवटीं कापणी संपते. मग टांकी रिकामी करावी, किंवा टिकाऊपणाचें औषध घालून एंजिन थोडा वेळ चालवावें, म्हणजे तें कार्बोरेटरपर्यंत पोंचतें. नाहींतर जुनें पेट्रोल आंत चिकट होऊन वसंतांत यंत्र सुरूच होत नाहीं. एंजिनाचें तेल बदलावें, बॅटरी काढून कोरड्या जागीं ठेवावी. काढतांना ऋण टोंक आधीं सोडावें.

हें सारें मीं निघण्यापूर्वीं करून ठेवलें होतें. परवां जांवयाचें पत्र आलें. एप्रिलमध्यें यंत्र पहिल्या किल्लीला सुरू झालें, पात्यांचा नवा जोड त्यानें आणून ठेवला आहे, आणि तळ्याकडच्या उतारावर तो गवत काढून झुडपें लावीत आहे. तेथें म्हणे आतां कोणालाच कापावयास जावें लागणार नाहीं.